लिव्हरची गाठ ‘एलआर-४’: आधी एमआरआय की थेट बायॉप्सी?

मंडळी, मदत हवी आहे. बाबा ६४ वर्षांचे, हिपॅटायटिस बीमुळे सिरॉसिस (लिव्हरवर कायमचे व्रण), चाइल्ड-प्यू ए, म्हणजे लिव्हरचं काम अजून बरं आहे. गोळी चालू, दारू कधीच नाही. पोटात पाणी नाही. कालच अंगणात बसून नारळ सोलत होते.

रत्नागिरीत ट्रिपल-फेज सीटी (कॉन्ट्रास्ट औषध देऊन तीन टप्प्यांत काढलेला स्कॅन) केला. एकच गाठ, २४ मिमी, आर्टेरियल फेजमध्ये (औषध धमन्यांत असतानाच्या पहिल्या टप्प्यात) उजळते, पण वॉशआउट (नंतर फिकी पडणं) नाही, कॅप्सूल (गाठीभोवती कडा) नाही. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ‘एलआर-४’, म्हणजे लिव्हरचा कॅन्सर असण्याची दाट शक्यता, पण खात्री नाही. एएफपी (लिव्हर कॅन्सरसाठीची रक्तचाचणी) १८, त्यावरून काहीच ठरत नाही. एलआर-५ असती तर सुई न घालताच कॅन्सरचं निदान धरतात, एवढं कळलंय.

एक डॉक्टर बायॉप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) सांगतात, दुसरे थांबून पुन्हा सीटी. प्लेटलेट ७२ हजार, म्हणून सुईने रक्तस्राव होण्याची धास्ती वाटते. मुंबईची फेरी गणपतीआधी एकदाच जमेल. तर कोल्हापुरात कॉन्ट्रास्ट एमआरआय करूनच जावं, की सीटीची सीडी घेऊन थेट तिथेच दाखवावं?