नुसते जोर मारून छाती, खांदे, पाठ सगळं सारखं होतं का?

आळशी_बोका:
नमस्कार मंडळी. वय २६, पुण्यात रूमवर राहतो, ऑफिस सुटून जिमला पोचेपर्यंत जीव जातो म्हणून रूमवरच पुशअप मारतो, एका दमात तीसेक होतात. छाती बऱ्यापैकी भरलीये पण मित्र म्हणतात तू पोक काढून चालतोस, आणि हल्ली उजव्या खांद्यात पुढून चमक निघते. यूट्यूबवर डायमंड, वाइड, पाइक, आर्चर असे ढीगभर प्रकार आहेत, त्यातले नेमके कुठले केले की वरचं अंग सगळं सारखं तयार होईल? रोज दीडशे मार वगैरे सांगू नका प्लीज.

गच्चीवरची_जिम:
आधी फॉर्म बघ. कोपरं खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर जातायत का? बहुतेक जातच असतील, चमक तिथूनच येते बऱ्याच जणांना. वरून बघितलं तर अंग आणि हात मिळून बाणाच्या टोकासारखं दिसायला हवं, म्हणजे कोपर अंगापासून साधारण ४५ अंशात.
दुसरं, साध्या पुशअपमध्ये हातांवर आपल्या वजनाच्या ६४ टक्क्यांच्या आसपास भार येतो, गुडघे टेकले की पन्नासच्या जवळ आणि पाय दोन फुटी स्टुलावर ठेवले की ७४ वगैरे. म्हणजे ७० किलोच्या माणसाला साधा पुशअप ४५ किलोचा, आणि तुझे तीस होतायत म्हणजे तो आता दमाचा व्यायाम झालाय, ताकदीचा राहिला नाही. पाय वर घे किंवा खाली जाताना तीन सेकंद घे, आठ-दहात दम निघाला पाहिजे.
वाइडच्या नादी लागू नकोस. हात लांब ठेवले की छाती रुंद होते असं सगळे सांगतात, पण हात जवळ घेतले तरी छातीला काम काही कमी पडत नाही, वर दंडाच्या मागच्या ट्रायसेप्सला जास्तच मिळतं. अगदी डायमंड, म्हणजे दोन्ही तळहात छातीखाली जोडून, मनगटं मोडायची गरज नाही, हात खांद्याच्या थोडे आत ठेवले तरी पुरे. खांद्यांसाठी पाइक, म्हणजे कंबर वर करून डोकं हातांच्या पुढे जमिनीकडे न्यायचं.

लाल_माती:
पाइक आत्ता नको हो ताई, खांदा दुखतोय ना त्याचा, आधी चमक जाऊ दे.
भावा, तू कितीही प्रकार बदल, सगळे ढकलायचेच आहेत. ओढायचं काम कुठाय? पोक त्यामुळेच वाढत असणार, त्यात दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून बसणं. लोक म्हणतात पैलवान नुसते जोर-बैठका मारून तयार व्हायचे, पण तालमीत जाऊन बघा. जोर आहेतच, ते पण पुशअपसारखे सरळ खालीवर नाहीत, कंबर मागे उचलून छाती जमिनीलगत घासत पुढे काढायची आणि मान वर, खांदा सगळा फिरतो त्यात. पण त्याच्या जोडीला फावड्याने आखाडा खणायचा, माती ओढायची, दोर चढायचा, आणि कुस्तीत तर समोरच्याला खेचणं चालूच. पाठ तिथे होते. आपण त्यातले फक्त जोर घरी आणले आणि बाकी सोडून दिलं.

आळशी_बोका:
दादा पटलं, पण रूमवर दोर कुठून आणू 😅 पुलअप बार ठोकायला घरमालक देणार नाही.

लाल_माती:
बारची गरज नाही. जाड टॉवेलच्या टोकाला घट्ट गाठ मार, ती दाराच्या वरून पलीकडे टाक आणि दार बंद कर. दार असं निवड की ते तुझ्यापासून लांब उघडतं, म्हणजे ओढलं की चौकटीवर आणखी घट्ट बसेल, उलटं केलंस तर दारासकट तोंडावर येशील. मग टॉवेल दोन्ही हातांनी धरून मागे रेल आणि छाती दाराकडे ओढ, पाय जेवढे दाराजवळ तेवढं जड. डायनिंग टेबलाखाली लटकणारे व्हिडिओ आहेत, पण हलकं टेबल उलटतं.

गच्चीवरची_जिम:
दाराची कडी आधी तपास मात्र. भीती वाटली तर सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भर, एक हात खुर्चीवर टेक आणि दुसऱ्याने सॅक कंबरेकडे ओढ. आधी हे कर, पुशअप नंतर, कारण दमल्यावर पाठ सगळेच टाळतात. सुरुवातीला पुशअपच्या एका सेटला ओढण्याचे दोन ठेव, आठवड्यातून तीन दिवस बास.
आणि एक राहिलं, पुशअपच्या वरच्या पोझिशनला कोपर न वाकवता नुसते पाठीचे फरे, म्हणजे खांद्यामागची चपटी हाडं, जवळ आणायचे आणि मग जमीन ढकलत लांब न्यायचे, दहा-बारा वेळा. दिसायला काहीच नाही, पण फरा जागेवर धरणारा बरगड्यांवरचा स्नायू यातून तयार होतो.
हात वर नेताना दुखत असेल किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेव आणि ऑर्थोला दाखव.

आळशी_बोका:
रात्री दुखत नाही, फक्त पुशअपच्या खालच्या टोकाला. दार बाथरूमचं चालेल का, बाकीची सगळी माझ्याकडेच उघडतात.

लाल_माती:
फायबरचं असेल तर नको. सॅकच भर.