सल्ला हवा : बाबांसोबत दोन दिवस, अमेरिकन यादवी युद्धातलं घोडदळ. काय दाखवू?

कृष्णाकाठ :
नमस्कार मंडळी. आम्ही उत्तर व्हर्जिनियात राहतो. बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेत. सगळी नोकरी पशुवैद्यकीय दवाखान्यात झाली. त्यांच्या उमेदीत सांगली-मिरजेत टांगे होते, तेव्हापासून घोड्यांवर हात बसलेला. वॉशिंग्टनची स्मारकं बघून झाली. परवा टीव्हीवर यादवी युद्धावरचा कार्यक्रम लागला होता, तेव्हा म्हणाले, "कोण जिंकलं ते सगळे सांगतात, जनावरांचं काय झालं ते कुणी सांगत नाही."

हाताशी दोन दिवस आणि गाडी आहे. गुडघ्यांमुळे चालणं बेतानेच. दक्षिणेच्या राज्यांचा घोडदळ सेनानी जेब स्टुअर्ट याने १८६२ मध्ये उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन याच्या फौजेला घोड्यांवरून वळसा घातला होता, तो रस्ता धरू की सरळ गेटिसबर्गच्या रणभूमीवर नेऊ? घोडदळाचं कुणी वाचलं असेल, बघितलं असेल, तर कृपया सविस्तर सांगा.

रिकीब :
ताई, स्टुअर्टची ती दौड ऐकायला फार छान आहे. बाराशे स्वार, चार दिवस, शत्रूच्या लाखभर फौजेला पूर्ण वळसा आणि गमावला तो एकच माणूस, कॅप्टन लाटाने. वर पाठलागावर खुद्द सासरा, उत्तरेचा सेनानी फिलिप सेंट जॉर्ज कुक. पण आज तो रस्ता गाडीतून फिरून फारसं काही हाती लागत नाही. माझं ऐकाल तर ९ जून ते ३ जुलै १८६३ हे पंचवीस दिवस धरा. सुरुवात ब्रँडी स्टेशनला, शेवट गेटिसबर्गला. या पंचवीस दिवसांत उत्तरेचं घोडदळ घोडदळ झालं, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या दिवशी सकाळी कल्पेपरजवळच्या ब्रँडी स्टेशनला जा. अमेरिकेच्या भूमीवरची घोडदळाची सर्वांत मोठी लढाई इथे झाली. दोन्हीकडचे मिळून वीस हजारांच्या आसपास माणसं. ५ जूनला स्टुअर्टने इथल्या माळावर थाटात संचलन केलं, ८ जूनला दक्षिणेचा सरसेनापती ली आला म्हणून पुन्हा केलं. दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या धुक्यात उत्तरेच्या जॉन ब्युफर्डचे स्वार बेव्हर्लीच्या उतारावरून रॅपहॅनॉक नदी ओलांडून आले. स्टुअर्ट तिकडे धावला, तोवर उत्तरेच्याच डेव्हिड ग्रेगची तुकडी केलीच्या उताराने वळसा घालून त्याच्या पिछाडीला, फ्लीटवूड टेकडीपाशी.

टेकडीवर त्या वेळी स्टुअर्टचा मेजर मॅक्लेलन (सेनापती मॅक्लेलन नव्हे) जवळजवळ एकटाच होता. जवळ एक तोफ, तिला दारूगोळा तुटपुंजा, त्यातही निम्माशिम्मा सदोष. त्याने ती टेकडीच्या माथ्यावर ओढून नेली आणि सावकाश, एकेक गोळा टाकत राहिला. खालच्यांना वाटलं वर मोठी फौज आहे. ते तोफा मागवत थांबले आणि तेवढ्या वेळात दक्षिणेचे स्वार परत पोचले. मग दुपारभर टेकडी या हातातून त्या हातात. शेवटी स्टुअर्टकडेच राहिली, पण उत्तरेच्या स्वारांना कळून चुकलं की आपण यांच्यासमोर टिकतो. २०१३ मध्ये ही टेकडी विकत घेऊन जपली, नाहीतर तीही घरांखाली गेली असती. गाडी पायथ्याशीच लागते, माथ्यापर्यंतची वाट छोटी आहे. बाबांना वर नक्की न्या.

जवळच भिंतींवरच्या लिखाणासाठी प्रसिद्ध असलेलं एक जुनं घर आहे. दोन्हीकडच्या सैनिकांनी गिलाव्यावर कोळशाने आणि पेन्सिलीने नावं, चित्रं काढून ठेवलीत. उघडं कधी असतं ते आधी बघून जा.

आता बाबांच्या प्रश्नाचं. सरकारी नियमाने उत्तरेच्या घोड्याला रोज साधारण साडेसहा किलो गवत आणि साडेपाच किलो चंदी. दहा हजार घोडी असतील तर रोज जवळपास १२० टन! मोहिमेवर एवढं मिळत नसे. घोडी वाटेतल्या कुरणांवर आणि शेतकऱ्यांच्या मक्यावर जगत. खोगीर तीन-तीन दिवस उतरत नसे, पाठी सोलून निघत.

दुसरी गोष्ट बाबांना लगेच उमजेल. दक्षिणेचा स्वार म्हणजे आपला शिलेदार, घोडं स्वतःचं घेऊन येणारा. सरकार रोजचे चाळीस सेंट भाडं देई. घोडं लढाईत मारलं गेलं तर भरपाई होती. थकून किंवा रोगाने गेलं तर काही नाही, आणि नवीन आणायचं काम त्याचंच. उत्तरेचा स्वार बारगीर, सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा. पहिली दोन वर्षं शिलेदार भारी पडले, कारण जन्म घोड्यावर गेलेला. पण पुढे त्यांची निम्मी माणसं घोडं शोधायला घरी गेलेली असत. तिकडे उत्तरेने १८६३ च्या जुलैत घोडदळासाठी वेगळं खातं काढलं आणि वॉशिंग्टनजवळ गीझबरोला हजारो घोड्यांची पागा उभारली. तिथेही ग्लँडर्स या साथीच्या रोगाने घोडी गेली, पण रिकामी जागा भरणारं दुसरं घोडं तयार असे.

उत्तरा :
रिकीब यांना अनुमोदन. फक्त ब्रँडी स्टेशनहून थेट उत्तरेला जाऊ नका, मिडलबर्गवरून जा. तासाभराचा रस्ता आहे. ऑल्डी, मिडलबर्ग, अपरव्हिल इथे १७ ते २१ जून दरम्यान चकमकी झाल्या. ली डोंगरामागून उत्तरेला सरकत होता आणि स्टुअर्ट त्याच्यावर पडदा धरून होता. अपरव्हिलच्या अलीकडे गूस क्रीकवर चार कमानींचा जुना दगडी पूल आहे, गाडी लावून दोन मिनिटांत पोचता.

आणि मिडलबर्गमध्ये नॅशनल स्पोर्टिंग लायब्ररीच्या दारातला ब्राँझचा घोडा चुकवू नका. या युद्धात मेलेल्या, जखमी झालेल्या, रोगाने गेलेल्या पंधरा लाख घोड्या-खेचरांचं ते स्मारक आहे. स्वार नाही, सेनापती नाही, नुसतं जनावर. बाबा बोलले ना, तेच.

पायवाट :
व्हर्जिनियाबाहेरचंही सांगून ठेवते, पुढच्या वेळेसाठी. मला विचाराल तर या युद्धातली सर्वांत कामाची धाड उत्तरेच्या बेंजामिन ग्रिअर्सनची. हा संगीतशिक्षक, लहानपणी घोड्याची लाथ तोंडावर बसलेली, तेव्हापासून घोडी नकोशी! एप्रिल १८६३ मध्ये सतराशे स्वार घेऊन टेनेसीतल्या ला ग्रेंजहून निघाला आणि मिसिसिपी राज्य उभं चिरत १६ दिवसांत ६०० मैलांवर बॅटन रूजला उतरला. वाटेत न्यूटनला रेल्वे उखडली. दक्षिणेचे लोक त्याच्या मागे धावत राहिले आणि इकडे उत्तरेचा सेनापती ग्रँट याने व्हिक्सबर्गच्या खाली मिसिसिपी नदी ओलांडली. ग्रिअर्सनची मेलेली माणसं तीन.

एक मनापासून. दक्षिणेचा घोडदळ सेनानी फॉरेस्ट याच्या डावपेचांचं कौतुक फार ऐकाल आणि ब्राइसच्या चौकातली लढाई अभ्यासण्यासारखी आहेच. पण तो गुलामांचा व्यापारी होता. १२ एप्रिल १८६४ ला फोर्ट पिलो या किल्ल्यात उत्तरेचे साधारण सहाशे शिपाई होते, निम्मे कृष्णवर्णीय. प्रतिकार संपल्यावर त्याच्या लोकांनी शरण येणाऱ्यांची कत्तल केली. त्याची मोहीम सांगताना हे गाळू नये.

कृष्णाकाठ :
पायवाट, आभार. हे बाबांनाही वाचून दाखवलं. रिकीब दादा, गेटिसबर्गला एकच दिवस आहे, तर नेमकं काय?

रिकीब :
सकाळी चेंबर्सबर्ग रस्त्यावर ब्युफर्डचा पुतळा. १ जुलैला जेमतेम २,७०० स्वारांनिशी त्याने इथे दक्षिणेचं पायदळ अडवून धरलं. घोडी मागे ठेवून, पायउतार होऊन. चारांतला एक जण घोडी धरायला मागे राहतो, म्हणजे बंदुका आणखी कमी. पुतळ्याच्या पायथ्याशी चार तोफा आहेत, त्यातली एक त्या सकाळची पहिली. ब्युफर्ड त्याच डिसेंबरमध्ये विषमज्वराने गेला.

दुपारी गावाच्या पूर्वेला ३ जुलैचं घोडदळाचं मैदान. गर्दी तिकडे वळतच नाही. उत्तरेच्या ग्रेग आणि कस्टरने स्टुअर्टला थोपवलं ते इथे. सगळं गाडीतून दिसतं.

कृष्णाकाठ :
जाऊन आलो. तुम्हा तिघांचे मनापासून आभार. फ्लीटवूडवर बाबा काठी टेकत माथ्यापर्यंत आले आणि त्या एकट्या तोफेची गोष्ट मला दोनदा सांगायला लावली.

मिडलबर्गच्या घोड्यापाशी आम्ही पाऊण तास होतो. मान खाली, बरगड्या मोजता येतील अशा, पाठीवर खोगीर. बाबांनी त्याच्या कुशीवरून हात फिरवला, मग बरगड्यांवरून, दवाखान्यात फिरवायचे तसा. "महिनाभर पोटभर चंदी मिळाली असती तर हा उभा राहिला असता," एवढंच बोलले. गाडीत बसल्यावर त्यांनी गीझबरोचं विचारलं. ती जागा आता लष्करी तळात आहे, आत जाता येत नाही असं मी सांगितलं. तिथल्या घोडावैद्यांच्या नोंदी कुठे वाचायला मिळतील का? कुणाला माहीत असेल तर इथेच लिहा, बाबा अजून सात आठवडे आहेत.