पावसात ग्रिप देणारं टायर कुठलं घ्यावं? पल्सर १५०, रोज पावस ते रत्नागिरी

पावस_ते_रत्नागिरी
मंडळी नमस्कार, जरा लवकर सल्ला हवाय. गाडी पल्सर १५०, २०१८ ची, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) नाही, मागे ड्रम ब्रेक. रोज पावसहून रत्नागिरीला कामाला जातो आणि येताना बऱ्याचदा अंधार होतो. गेल्या आठवड्यापासून पाऊस धरून आहे, गोळपच्या उतारावर मागचा ब्रेक दाबला की मागचं चाक आडवं जातं, भाट्याच्या पुलावर तर आता ब्रेकला पाय लावायचीच भीती वाटते, मागे बायको असली की जास्तच. मागचं टायर मधोमध गोटा झालंय. पुढचं दिसायला ठीक आहे पण ते गाडीसोबत आलेलंच आहे अजून.
दुकानदार म्हणतो मागे १२० चं रुंद टाक, रस्ता धरून ठेवेल. मित्र म्हणतो बटण टायर (रबराच्या मोठ्या गुठळ्यांचं) टाक, चिखलात भारी. अजून एक जण म्हणाला टायर राहू दे, हवा थोडी कमी कर. तिघांचं तीन. सध्या मागे १००/९०-१७ आणि पुढे ८०/१००-१७ आहे, दोन्ही ट्यूबलेस. काय करू?

रबरवाला_कणकवली
माझं टायरचंच दुकान आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.
आधी रुंद टायरचं. तुझी रिम १०० च्या टायरसाठी बनलेली आहे, त्यावर १२० चढवलं की टायरच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि रस्त्याला टेकणारा पट्टा उलट बिघडतो, वळणावर गाडी झुकवली की ते जाणवतं. शिवाय रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. पाण्यात टायर काय करतं, तर समोर आलेला पाण्याचा थर फोडून खाचांमधून बाहेर काढतं आणि रबर डांबराला टेकवतं, एवढंच. म्हणून कंपनीने दिलेला साइजच घे.
बटण टायर शेताच्या, कातळाच्या वाटेला ठीक. ओल्या डांबरावर फक्त बटणांची टोकं टेकतात, रबर कमी टेकलं की ब्रेकही कमी लागतो. तुझा सगळा रस्ता डांबरी आहे, नको घेऊस.
हवा कमी करणं तर अजिबात नको. चिखलात फायदा होतो हे खरं, पण पाण्यात हवा कमी असली की टायर दबतं, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर जायला वाटच राहत नाही. तुझ्या गाडीला हवेचा दाब पुढे २५ पीएसआय, मागे एकटा असशील तर २८, डबल सीट असेल तर ३२. चेन कव्हरच्या आसपास स्टिकर असेल तर त्यावर बघून खात्री कर, आणि हवा सकाळी टायर थंड असताना बघ.
आता टायर निवडायचं कसं. पावसाला रबर मऊ लागतं. रबरात सिलिका घातलेली असली की गार ओल्या रस्त्यावरही ते कडक पडत नाही, म्हणून पकड राहते. कडक रबराचं टायर वर्षानुवर्षं चालतं आणि गिऱ्हाइकाला तेच हवं असतं, "किती किलोमीटर जाईल?" हा पहिला प्रश्न असतो, ओल्यात धरेल का हे कोणीच विचारत नाही. मऊ टायर लवकर झिजणार हे धरूनच घे. मिशलिनचं पायलट स्ट्रीट, सिएटचं झूम, एमआरएफचं झॅपर ही नावं लोक घेतात, त्यातलं तुझ्या साइजमध्ये काय मिळतंय ते बघ. मागच्या टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, साइजच्या पुढे ५५पी असं काहीतरी लिहिलेलं असतं, ५५ म्हणजे २१८ किलो वजन आणि पी म्हणजे ताशी १५० किमीपर्यंत. मागे त्याच्या खालचं घेऊ नको.
आणि तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नको. साइडवॉलवर लांबोडक्या चौकटीत चार आकडे असतात, २२२४ असेल तर २०२४ च्या २२ व्या आठवड्यात बनलेलं. दोन-तीन वर्षं दुकानात पडून राहिलेलं टायर डिस्काउंटवर मिळालं तरी नको, रबर पडून पडूनही कडक होतं.

देवरुखचा_रायडर
वरच्या दादांनी सगळं बरोबर सांगितलं, पण मुद्द्याची गोष्ट मागे राहिली. सगळे मागच्या टायरबद्दलच बोलतायत. भावा, ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, थांबवायचं खरं काम पुढचं टायर करतं. मागचं सरकलं तर गाडी बऱ्याचदा सावरता येते, पुढचं सरकलं की विचार करायला वेळच मिळत नाही. तुझ्या गाडीला एबीएस नाही, १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, तुझी त्याच्या आधीची. म्हणजे पुढचं चाक लॉक झालं तर सोडवायला फक्त तुझी बोटं आहेत.
२०१८ चं टायर असेल तर खाचा कितीही दिसू दे, बदल. नखाने दाबून बघ, नवीन रबर किंचित दबतं, जुनं दबतच नाही. साइडवॉलजवळ, खाचांच्या तळाशी बारीक भेगा शोध. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत खाचेमध्ये रबराचा उंचवटा असतो, टू-व्हीलरला साधारण ०.८ मिमीचा. टायर त्याला टेकलं म्हणजे संपलंच, पण आपल्याकडच्या पावसाला तिथपर्यंत वाट बघू नये.
बजेट एकाच टायरचं असेल तरी आधी दोन्हीची तारीख बघ, मग ठरव. मला विचारशील तर दोन्ही टाक.

मालवणी_झील
टायर कितीव भारी घाला, मच्छीच्या गाडयेचा पाणी रस्त्यार सांडलेला आसला तर काय उपेग नाय. ता नुसता पाणी नाय, माशाचा तेल आसता तेच्यात. वळणार वास इलो की आधीच थ्रॉटल सोडा, वळणात ब्रेक मारू नकात. पाऊस मोठो पडान गेलो की धुवान जाता, झिमझिम पडता तेव्हाच खरो धोको.

फेरीबोट
+१ मालवणकरांना. आमच्या गुहागर साइडला तर अजून एक, जेट्टीचा उतार. धोपाव्याहून दाभोळला जा नाहीतर तवसाळहून जयगडला, भरती उतरली की रॅम्पवर हिरवं शेवाळ उघडं पडतं आणि बोटीची लोखंडी फळी ओली असते. तिथे कुठल्याच टायरला ग्रिप नाही. पहिला गिअर, दोन्ही पाय खाली सोडून सरळ रेषेत, मागे बसलेल्याला आधीच उतरवायचं. घरातली म्हातारी माणसं मागे असतात तेव्हा लोक संकोचाने उतरवत नाहीत, तसं करू नका.
गावातल्या सिमेंटच्या रस्त्यांचंही तेच, झाडांच्या सावलीतला भाग दिवाळीपर्यंत शेवाळलेला असतो. चिऱ्याच्या खाणीचे ट्रक बाहेर पडतात तिथे लाल मातीचा लगदा, त्याखाली डांबर दिसतच नाही. पांढऱ्या पट्ट्यांवरून, पुलाच्या जॉइंटवरच्या लोखंडी पट्टीवरून गाडी सरळ जाऊ दे, त्यावर असताना ब्रेक नको. भाट्याच्या पुलावर तू ब्रेक पुलाच्या आधी मार, पुलावर एका स्पीडने जा.

पावस_ते_रत्नागिरी
खूप आभार सगळ्यांचे. आत्ता टॉर्च घेऊन पुढचं टायर बघून आलो. तारीख ३५१७, म्हणजे २०१७ चा पस्तिसावा आठवडा. खाचा बऱ्यापैकी आहेत पण साइडवॉलवर सगळीकडे केसासारख्या भेगा, आणि नख रुततच नाही. वरून हात फिरवला तर मध्ये सपाट आणि बाजूला कंगोरा लागतो. दोन्ही बदलतोय, साइज तोच. १२० वाल्या दुकानदाराला नको म्हणून सांगितलं. टाकताना अजून काय बघायचं?

रबरवाला_कणकवली
शाब्बास. टाकताना तीन-चार गोष्टींवर उभा राहून लक्ष ठेव. साइडवॉलवर बाण असतो, चाक पुढे फिरतं त्या दिशेला तो हवा. काही टायरला पुढच्या चाकासाठी वेगळा बाण असतो तोही वाच. उलट बसलं तर खाचा पाणी बाहेर ढकलायच्या ऐवजी आत ओढतात. व्हॉल्व्ह दोन्ही नवीन टाक. समुद्राकाठच्या गाड्यांच्या अलॉयला खाऱ्या हवेने पांढरी पावडर धरते, टायर निघालं की रिमची कड घासून साफ करायला लाव, नाहीतर तिथूनच हळूहळू हवा जाते आणि आठवड्याला पाच-सहा पीएसआय कमी दिसतं. टायर चमकवायचं पॉलिश कोणी लावत असेल तर थांबव.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवीन टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर घसरतं. वरचा थर गुळगुळीत असतो, तो झिजेपर्यंत वळणात गाडी झुकवू नको आणि ब्रेक हळू. जमलं तर उद्या संध्याकाळी टाकण्याऐवजी रविवारी सकाळी टाक, पावसाला थोडी उघडीप असेल तेव्हा पावस-पूर्णगड रस्त्याला एकटाच फिरवून आण, डबल सीट नंतर.

पावस_ते_रत्नागिरी
रविवारचंच करतो दादा. तोपर्यंत एसटीने जातो.