प्रतिसाद: लक्ष्मी रस्त्याचे पदपथ आणि निधी

'पदपथ रुंद केले की दोन वर्षांत पुन्हा खोदतात, मग पैसे कशाला घालायचे?' हा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याच्या चर्चेत मांडलेला मुद्दा रास्त आहे. पण दोष रुंदीचा नाही, अंदाजपत्रकाचा आहे. आपल्याकडे निधी मागताना फरशी, बाकडी, दिवे यांचाच हिशेब धरतात आणि जमिनीखालचं काम दुसऱ्या खात्यावर सोडून देतात. बंगळुरूत टेंडरशुअर या रस्ते नव्याने बांधायच्या योजनेतल्या रस्त्यांवर (रेसिडेन्सी रोड, सेंट मार्क्स रोड) पाणी, मलवाहिनी, पावसाळी गटार आणि केबलचे पाइप एकाच निविदेत घेतले. खर्चाचा आकडा मोठा दिसला, पण नवी केबल टाकायला पदपथ फोडायची गरज उरत नाही, कारण रिकामे जादा पाइप आधीच टाकलेले असतात. लक्ष्मी रस्त्यासाठी मागणी करायची तर हीच करा.

दुसरं, पातळी. नुसतं डांबरावर डांबर चढवलं की रस्ता दुकानांच्या जोत्याला भिडतो आणि पावसाचं पाणी आत शिरतं. म्हणून आधी जुना थर खरवडायचा, प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्याची पातळी मोजायची आणि पदपथाला रस्त्याकडे साधारण २ टक्के उतार द्यायचा. आयआरसी १०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सोयींसाठीची मार्गदर्शक तत्त्वं) प्रमाणे कर्बची, म्हणजे पदपथाच्या कडेच्या दगडाची, उंची १५० मिमीपेक्षा जास्त नको, आणि चालायला निदान १.८ मीटर मोकळी पट्टी हवीच. डीपी बॉक्स (वीज वितरणाच्या पेट्या), झाडं, खांब, चेंबरची झाकणं यांची पट्टी वेगळी. ती चालायच्या पट्टीत घुसली की लोक पुन्हा रस्त्यावर उतरतात.