बॅकअप घेते, पण त्यावर विश्वास बसत नाही

वाशिष्ठीकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न बाळबोध वाटेल, पण चौघांना विचारलं आणि चौघांनी चार सल्ले दिले, म्हणून इथे लिहितेय.

मी चिपळूणची. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं टायपिंग माझ्याकडे आहे. सासऱ्यांनी पोस्टकार्डं पाठवून माहिती गोळा केली होती. ती पत्रं लावत, फोन करत, कोण कुठल्या शाखेतला ते जुळवत २०१७ पासून मी फाइली करतेय. बॅकअपही घ्यायचे बरं का! बाहेरची हार्डडिस्क होती, दर शनिवारी कॉपी-पेस्ट. आणि काम झालं की डिस्क कुठे? संगणकाच्याच टेबलाच्या खालच्या खणात.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात काय झालं ते सांगायला नको. आम्ही सासूबाईंना, औषधांना आणि दोन डब्यांना घेऊन माडीवर गेलो. खाली सीपीयू बुडाला, खण बुडाला, खणातली डिस्कही बुडाली. चिखल उपसताना ती सापडली तेव्हा वायर खोचायच्या भोकात गाळ घट्ट बसला होता. मी तो टाचणीने कोरून काढला, जसं काही तेवढ्याने ती चालू होणार होती. रिकव्हरीवाल्याने नुसतं उघडून बघायचाच आकडा असा सांगितला की फोन ठेवला. शेवटी डोंबिवलीच्या जाऊबाईंना २०१९ मध्ये प्रुफं तपासायला ईमेलने पाठवलेल्या फाइली त्यांच्या मेलमध्ये निघाल्या. पुढच्या दोन वर्षांचं काम गेलं. जे वाचलं ते प्रुफांमुळे वाचलं, बॅकअपमुळे नाही.

आता त्याच दिवाळीत घेतलेला संगणक आहे, विंडोज १०. असेंबल करून देणाऱ्या मुलाने सी आणि डी असे दोन भाग पाडून दिले आणि बजावलं, "काकू, काम डी मध्ये ठेवा, फॉरमॅट मारला तरी डी शाबूत राहतो." नवी १ टीबीची डिस्क आणली, भाच्याने तिच्यावर विंडोजमधलीच, आपोआप प्रती काढणारी 'फाइल हिस्टरी' चालू करून दिली. दर तासाला दिवा लुकलुकतो. पण आत काय जातंय कोणास ठाऊक! मागचा दिवाही लुकलुकायचाच.

विचारायचं ते हे: बॅकअप खरोखर झालाय हे कळायचं कसं? डिस्क कायम लावून ठेवावी की काढावी? आणि जाऊबाई म्हणतात 'गूगल ड्राइव्हवर टाक नि मोकळी हो', ते बरोबर का?

घाटावरचा

जाऊबाईंचं ऐका. गूगल ड्राइव्हवर टाका आणि विसरा. पूर येवो की आग लागो.

पेंग्विन_पुणेकर

'टाका' बरोबर, 'विसरा' चूक. संगणकावरचं फोल्डर ड्राइव्हशी जोडलं की दोन्हीकडे सारखं राहतं, म्हणजे इकडे फाइल उडवली की तिकडूनही उडते. ट्रॅशमध्ये ३० दिवस मिळते, पण ३१ व्या दिवशी लक्षात आलं तर? शिवाय फुकटचे १५ जीबी हे जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून आहेत. घराबाहेरची एक प्रत म्हणून चांगलं, एकटं पुरेसं नाही.

आता ताई, आधी एक करा, मग पुढचं वाचा. बॅकअपची डिस्क उघडा. आत 'फाइल हिस्टरी' नावाचं फोल्डर, त्यात तुमचं नाव, त्यात संगणकाचं नाव, त्यात 'डेटा'. त्या 'डेटा'मध्ये कुठली अक्षरं दिसतात ते बघून सांगा. सी आहे? डी आहे?

हे विचारायचं कारण: फाइल हिस्टरी आपणहून फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज, डेस्कटॉप असली ठरलेली फोल्डरंच घेते. डी मधलं फोल्डर तुम्ही स्वतः यादीत घातलं नसेल, तर ते तिच्या लेखी नाहीच. आणि त्या मुलाचा सल्ला फॉरमॅटपुरता ठीक, पण सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात.

खिळेजुळारी

ताई, एक वेगळंच विचारतो. टायपिंग कुठल्या फॉन्टात करता? युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसणारा, की जुना?

माझं डीटीपीचं दुकान होतं. एका ग्राहकाची २००६ सालची स्मरणिका सीडीवर जपलेली होती, सीडीवर एक ओरखडा नाही. १५ वर्षांनी उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि कंस-चिन्हांचा चिवडा. फाइल धडधाकट, फॉन्ट गायब. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या जुन्या मंडळींत 'क' हा 'क' म्हणून साठत नाही, इंग्रजी अक्षराच्या जागेवर चित्र म्हणून बसवलेला असतो. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. तेव्हा फॉन्टच्या फाइलीही बॅकअपात घाला, पॅकेज इन्स्टॉल करायची फाइल असेल तर तीही, आणि पक्क्या झालेल्या प्रकरणांच्या फॉन्ट आत घातलेल्या पीडीएफ करून ठेवा.

तपासणीही दुसऱ्याच्या संगणकावर करा. तुमच्या संगणकावर फॉन्ट आहेच, तिथे सगळं छानच दिसणार.

वाशिष्ठीकाठची

पेंग्विनदादा, बघितलं. 'डेटा'मध्ये सी आहे. डी नाही.

म्हणजे इतके दिवस तो दिवा लुकलुकत होता तो कशासाठी, तर पिक्चर्समध्ये व्हॉट्सॅपवरून उतरवलेल्या गुलाबाच्या फुलांवरच्या 'शुभ सकाळ'साठी! तारीखवार, एकही न चुकता जपलंय. जास्वंदसुद्धा आहे. कुलवृत्तांताची एक फाइल नाही.

अर्धा तास नुसती बसून होते. मग चहा केला.

फॉन्ट जुनाच आहे हो, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. आता काय करू ते क्रमाने सांगा.

पेंग्विन_पुणेकर

घाबरू नका, मूळ फाइली जाग्यावर आहेत. हे आज कळलं ते बरंच.

सेटिंग्जमध्ये बॅकअप, तिथे 'मोअर ऑप्शन्स', त्यात 'अॅड अ फोल्डर'. डी मधलं कुलवृत्तांताचं फोल्डर निवडा, 'बॅकअप नाऊ' दाबा. झाल्यावर पुन्हा 'डेटा' उघडा, डी दिसायलाच हवा. या पद्धतीत एक सोय आहे: प्रती साध्या फाइली म्हणूनच असतात, फक्त नावापुढे तारीख-वेळ चिकटवलेली. त्यामुळे कुठल्याही विंडोजच्या संगणकावर डिस्क लावून त्या थेट उघडता येतात.

डिस्क कायम लावून ठेवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा, फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्याने जोडलेल्या डिस्कांवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या. बॅकअप झाला की 'सेफली रिमूव्ह' करून काढा. आणि दुसरी डिस्क घ्या, ती घराबाहेर ठेवा. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराचा ३-२-१ नियम प्रसिद्ध आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. तुम्हाला त्यातल्या 'एक'चं महत्त्व मी काय सांगावं.

विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, तेही कधीतरी बघा. पण आधी हे.

घाटावरचा

माझं ते 'विसरा' मागे घेतो. रात्री माझी डिस्क लावून बघितली. मार्चनंतर काहीच गेलेलं नाही, डिस्क भरलीय. ती सूचना मीच कधीतरी बंद केली असणार.

वाशिष्ठीकाठची

उशिरा कळवतेय, पण कळवतेय.

डी आला. मग शेजारच्या मास्तरांच्या लेकीच्या लॅपटॉपवर डिस्क लावली. पहिली फाइल उघडली आणि खिळेजुळारी म्हणाले तो चिवडा समोर. आमच्या मूळ पुरुषाच्या नावाच्या जागी एक स्वल्पविराम, एक डॉलरचं चिन्ह आणि दोन एस. ती पोरगी म्हणाली, "काकू, हे कुठल्या भाषेत आहे?" फॉन्टची फाइल डिस्कवर घातलेली होती, ती तिच्या लॅपटॉपवर चढवली, फाइल बंद करून परत उघडली, आणि सगळे पूर्वज रांगेत उभे. पीडीएफ मात्र पहिल्या झटक्यात उघडल्या. प्रकरणं युनिकोडात आणायलाही सुरुवात केलीय, पण रफार आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागताहेत, ते वर्षभराचं काम आहे.

दुसरी डिस्क डोंबिवलीला. गणपतीत जाऊबाई येतात तेव्हा एक घेऊन येतील, एक घेऊन जातील, मे महिन्यात पुन्हा अदलाबदल. मधल्या काळातलं पीडीएफच्या रूपाने गूगल ड्राइव्हवर. घरची डिस्क आता माडीवर, पापडाच्या रिकाम्या डब्यात. सासूबाईंना सांगून ठेवलंय की त्या डब्यात पापड नाहीत.

शनिवारी बॅकअप झाला की त्यातली एक फाइल उघडून बघायची असं ठरवलंय. कोणती, ते नातू सांगतो. मी निवडली की ओळखीचीच निवडते, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरं आहे. या शनिवारी तो म्हणाला, "आजी, सतरावी." सतरावी म्हणजे देवरुखच्या शाखेची, जिच्यात आत्याबाईंच्या सासरचं आडनाव मी दोनदा चुकवलं होतं. उघडली. आडनाव अजून चुकलेलंच आहे, पण आहे.