मदत हवी आहे: जाड माणसांवरचे विनोद आता मला ऐकवले जातात, काय बोलू?

फेरीतली_एक

नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात बसतो ते कळेना, म्हणून इथेच टाकते. आधीच सांगते, मी डाएट विचारायला आलेले नाही आणि सांगायलाही नाही.

मी गोव्यात चोडण बेटावर राहते, कामाला पणजीत. अडीच वर्षांपूर्वी माझं वजन 103 किलो होतं, सध्या 67 च्या आसपास. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 6.3 टक्के निघाली होती. 6.5 पासून मधुमेह धरतात आणि घरात आई इन्शुलिनवर आहे, तेव्हा घाबरून सुरुवात केली. ऑपरेशन नाही, इंजेक्शन नाही. त्याबद्दल एवढंच पुरे.

ओळखीच्या माणसांचं मला काही वाटत नाही. "अर्धी खंय दवरली गो?" (अर्धी कुठे ठेवलीस गं?) हे वाड्यावर प्रत्येकानं एकदा तरी विचारून झालंय. चवथीला मावशीनं माटोळीखाली (गणपतीवर फळं-भाज्या टांगतात ती चौकट) उभं करून मला नारळासारखं फिरवून बघितलं. करू दे. त्यांनी मला आधीची पाहिलेली आहे, त्यांचा तेवढा हक्क आहे.

छळतात ती अनोळखी माणसं. त्यांना वाटतं, मी जन्मापासून अशीच.

परवा रायबंदरला फेरीबोटीतून उतरले, बस डोळ्यांदेखत गेली, म्हणून पायलट केला. (गोव्याबाहेरच्यांसाठी: विमानाचा नव्हे. पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटारसायकल आणि ती चालवणारा, दोघांना मिळून पायलट म्हणतात.) लिन्हारिसच्या पुलावर आल्यावर त्यानं मान अर्धी वळवून सुरू केलं, "बाय, तूं बसल्या काय ना तेंच कळना. सकाळीं एक आंटी हाडली, म्हजो फाटलो टायर रडपाक लागलो!" फाटलो म्हणजे मागचा.

आणि मी हसले. तोंडदेखलं नव्हे, चांगली खळखळून हसले. ऑफिसात जाऊन दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

कारण त्या आंटीच्या जागी मी कितीदा बसलेली आहे. स्टँडवर मला येताना बघितलं की पायलट एकमेकांकडे बघायचे, "तुजो नंबर, तुजो नंबर." मी मागच्या कॅरियरला दोन्ही हातांनी धरून, त्याला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून बसायची. पणजी येईपर्यंत श्वास रोखायची, जसं काही श्वास रोखल्यानं दोन किलो कमी भरणार होते.

असं एकदाच घडलं असतं तर लिहिलं नसतं. म्हापशात कपड्याच्या एका दुकानात विक्रेता म्हणाला, "तुमकां कितेंय बसता, मॅडम. काल एक आयिल्ली, तिका ड्रेस ना, माटव जाय आसलो." माटव म्हणजे मांडव. फेरीवर एका गृहस्थानं कठड्यापाशी बसलेल्या एका बाईकडे नजर टाकून मला सांगितलं, "तुमी चार जाणां हांगा रावल्यार बोट सारकी जातली." म्हणजे तुमच्यासारख्या चौघी इथे उभ्या राहिल्या तर बोट सरळ होईल. त्या वेळी त्याच फेरीवर दोन मोटारी आणि सिमेंटच्या गोण्या भरलेला टेम्पो होता. बोट कलंडायची ती त्या बाईनं! आणि एका सरकारी खिडकीवर लायसनवरचा माझा जुना फोटो बघून आतला माणूस म्हणाला, "हा तुमच्या आईचा दिलात की काय?" मागची रांग हसली.

हीच वाक्यं मी 103 किलोंची असताना ऐकलेली आहेत. तेव्हा ती हळू आवाजात, पाठीमागून यायची. आता समोरून येतात, मोठ्यानं, टाळी मागत.

प्रश्न एवढाच, की त्या क्षणी काय बोलायचं? भाषण ठोकायचं नाही, आणि पायलटाला माझी अडीच वर्षंही ऐकवायची नाहीत. पण पुन्हा हसायचं नाही. मराठीत सुचवा, कोंकणीत सुचवा, चार-पाच शब्दांत बसलं तर उत्तम.

पोदेराची_सायकल

एक शब्द पुरतो: "म्हणजे?" कोंकणीत "म्हणल्यार?" चेहरा अगदी कोरा ठेवून. विनोद समजावून सांगायला लागला की माणूस आपोआप खजील होतो. मी माझ्या रंगावरून बोलणाऱ्यांवर हे वापरते, दहातले सात गप्प होतात. उरलेल्या तिघांना देवही गप्प करू शकत नाही.

भिवपाची_गरज_ना

राग मानू नका, पण एवढं मनाला लावून कशाला घ्यायचं? गोंयकार फकाणां (थट्टा) मारतोच. आमच्या वाड्यावर एकालाही खऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही, एक लंगडा आहे, एक पोटलो आहे, मला स्वतःला चाळीस वर्षं "सुको बांगडो" म्हणतात. मी कुठे डबा बंद करून बसलो?

फेरीतली_एक

@भिवपाची_गरज_ना, राग नाही. पण तुम्हाला सुको बांगडो म्हणणारे तुमच्या घरच्या मरणा-तोरणाला येतात. पायलट त्या आंटीच्या घरी जाणार नाही, आणि ती तिथे उत्तर द्यायलाही नव्हती. वाड्यावरच्या नावांवर वेगळा धागा काढा, मी वाचायला नक्की येईन.

उकडे_तांदूळ

माझा बाबा तीस वर्षं पायलट होता, म्हणून अधिकारानं लिहिते. पहिली गोष्ट, पुलावर काही बोलू नका. गाडी त्याच्या हातात आहे, तो मान वळवून वाद घालायला लागला तर दोघंही मांडवीत. उतरून, हेल्मेट परत देऊन, पैसे देताना बोला. तेव्हा तो तुमच्या डोळ्यांत बघतो आणि सुट्टे शोधत असतो, त्याला पळता येत नाही.

दुसरी गोष्ट, टायर-बियर सगळं थाप. बाबा म्हणायचा, जड गिऱ्हाईक कधीही बरं, जपून बसतं, हलत नाही. खरा ताप असतो तो मागे बसून मोबाईलवर रील बघत डुलणाऱ्या बारीक पोरांचा. पायलटाला दिवसभरात बोलायला तेवढंच माणूस मिळतं, म्हणून तो गिऱ्हाईक हसेल असं काहीतरी काढतो. हसलं नाही की विषय बदलतो, पुढच्या वळणावर पावसावर येतो. बाबा तरी येत असे.

सहज_आलो

माझं उलट. गेल्या वर्षी थायरॉईड वाढला, पाच महिन्यांत 14 किलो उतरले. छाती धडधडायची, हात एवढे थरथरायचे की कपबशी वाजायची. आणि लोक अभिनंदन करत होते! बँकेतल्या रांगेत एका अनोळखी माणसानं विचारलं, कुठली जिम? मी "थायरॉईड" म्हणालो तर म्हणाला, हे कुठे आलं, पर्वरीला? तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर नाही, पण राहवलं नाही.

पाळीवर_आहे

मी आरोग्य केंद्रात काम करते. आमच्याकडे वजनकाटा व्हरांड्यात आहे, सगळ्यांसमोर. बायका त्यावर चढण्याआधी चप्पल काढतात, पर्स ठेवतात, काही जणी बांगड्यासुद्धा उतरवतात. आकडा मोठ्यानं वाचला आणि बाकावरून कुणी खुसखुसलं, तर ती बाई पुढच्या महिन्यात येत नाही. साखर तपासायची राहते, बीपीची गोळी राहते. टोमणे मारून कुणी बारीक झालेलं मी अजून बघितलेलं नाही, दवाखाना टाळणारे मात्र रोज बघते. आणि हे कुठे, तर गोव्यात. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) जी मोठी पाहणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात मधुमेहाचं देशातलं सर्वांत जास्त प्रमाण आपल्याकडे निघालं, 26.4 टक्के. देशाचा आकडा 11.4 होता. साधारण चार मोठ्या माणसांत एक. त्यामुळे तुमच्या पायलटाच्या घरातही कुणी असलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता एक विचारू? नको असेल तर उत्तर देऊ नका. वजन उतरल्यावर भूक वाढवणारी हॉर्मोन्स वर जातात आणि बराच काळ वरच राहतात, शरीर खर्चही कमी करतं. म्हणून गेलेलं वजन परत यायला बघतं, त्यात माणसाचा आळस असतोच असं नाही. तुम्ही "67 च्या आसपास" लिहिलंय, "103" मात्र नेमकं. तुम्ही का हसलात, याच्याशी त्याचा काही संबंध आहे का?

फेरीतली_एक

@पाळीवर_आहे, तुमचं वाचून लॅपटॉप मिटला आणि दोन दिवसांनी उघडतेय.

हो. 63 पर्यंत गेले होते. चार किलो परत आलेत. पोई (कोंड्याचा पाव) मोजून खाते, शीत म्हणजे भात मोजून वाढून घेते, संध्याकाळी बांधावरून चालते, तरी आलेत. पायलट बोलला तेव्हा माझ्या मनात आधी आलं ते असं: चला, ह्याला अजून कळलेलं नाही. म्हणून हसले. सुटल्यासारखं हसले. लिहायला लाज वाटते, पण आता लिहिलंय.

पाळीवर_आहे

लाज कसली. अडीच वर्षांत एवढ्या वाटेवर चार किलो मागे-पुढे होणारच. साखर किती आहे ते बघा, काटा नंतर. आणि त्या आंटीच्या बाजूनं बोलण्यासाठी आधी स्वतः 63 वर असावं लागतं असं थोडंच आहे?

पोदेराची_सायकल

"म्हणल्यार?" वापरून बघितलं का, तेवढं सांगा.

फेरीतली_एक

बघितलं! म्हापशाला मुद्दाम त्याच दुकानात गेले, शुक्रवारी, बाजाराच्या गर्दीत. तो परत तेच, ह्या वेळी दुसऱ्या गिऱ्हाइकावरून. मी कोऱ्या चेहऱ्यानं "म्हणल्यार?" त्यानं समजावलं हो. हातवारे करून समजावलं. मांडवाचे खांब कुठे, कनात कुठे, सगळं. वर शेजारच्या काउंटरवाल्याला हाक मारली, ह्यांना कळलं नाही म्हणून. तुमच्या त्या तिघांतला निघाला. मी कुर्ता तिथेच ठेवून आले. त्याला कारण कळलं नसणार, पण साडेआठशेचा कुर्ता होता.

लायसनच्या खिडकीला काही करायचं नाही असं ठरवलंय. पुढच्या वेळी नवा फोटो देईन, संपलं.

फेरीवरचे गृहस्थ काल परत भेटले. ती बाई नव्हती, विनोदही नव्हता. पक्षी बघायला आलेल्या पर्यटकांना ते सलीम अली अभयारण्याची वाट अगदी प्रेमानं समजावत होते, अर्धी चुकीची. माझा सगळा आवेश वाया गेला.

पायलटाचं मात्र सांगायलाच हवं. आज सकाळी तोच भेटला. पुलावर टायर नाही, पण पणजीतलं पाटो आल्यावर दुसरं काढलं, कुणा बाईला बसवायचं तर डबल भाडं घ्यायला हवं वगैरे. मी गप्प. @उकडे_तांदूळ म्हणतात तसं उतरून, हेल्मेट देऊन, पैसे पुढे केले आणि म्हटलं, "दोन वर्सां आदीं ती आंटी म्हणल्यार हांव." हांव म्हणजे मी.

त्याला आधी कळलंच नाही. मग मी मोबाईलमधला जुना फोटो दाखवला (दाखवायचं ठरवलं नव्हतं, हात आपोआप गेला). त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो. मला वाटलं आता सॉरी म्हणेल, किंवा तोंड फिरवेल. त्यानं गाडी स्टँडला लावली, चावी काढली आणि विचारलं, "कितें खाताली? बायलेची शुगर तीनशेंच्या वयर गेल्या. ती दाक्तराकडेन वचना, लोक हांसतात म्हणटा." (बायल म्हणजे बायको, वचना म्हणजे जात नाही.)

मी त्याच्याकडे बघतच राहिले. हे लोक कोण, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही, त्याचा चेहराच तसा झाला होता. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं डाएट सांगणार नाही म्हणून, आणि रस्त्याच्या कडेला वीस मिनिटं उभं राहून पेज किती, शीत किती, गोळी कधी हे सांगत बसले. जेवणाआधी दाक्तर, तीनशेच्या वर असेल तर आजच ने, उद्या नको, हे तीनदा बजावलं. @पाळीवर_आहे, तुमच्या केंद्रात तो वजनकाटा व्हरांड्यातून आत घेता येईल का, हे तेवढं बघा.

ऑफिसात लेटमार्क लागला. भाडं त्यानं पूर्ण घेतलं.

आता एक वेगळीच मदत हवी आहे. 103 च्या वेळचे माझे सोळा ब्लाउज आहेत, कापड चांगलं, टाकवत नाहीत. दंडाची कातडी सैल पडल्यामुळे बाह्या बारीक केल्या की काचतात आणि तशाच ठेवल्या की फुगतात. पणजी किंवा म्हापशात ब्लाउज नीट अल्टर करून देणारा, आणि माप घेताना तोंड बंद ठेवणारा शिंपी कुणाला माहीत आहे का?