मदत हवी आहे : साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याने सभागृहात काढलेले फोटो हललेले येतात

चौकट :
माझ्याकडे खिशात मावणारा साधा डिजिटल कॅमेरा आहे. बाहेर उन्हात त्याचे फोटो नितळ येतात, पण काल मुलीच्या नृत्याचे सुमारे ७० फोटो काढले आणि त्यांतला एकही धड आला नाही. सगळे हललेले आहेत. कॅमेरा बिघडला आहे की एखादे सेटिंग चुकले आहे, एवढेच मला कळायला हवे आहे. शनिवारी तिचा दुसरा प्रयोग आहे, त्यामुळे कृपया नेमके सांगावे. कॅमेरा १६ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे त्या बाजूने काही कमी पडत नसावे.

पायवाट :
आपण दिलेल्या माहितीवरून काहीच ठरवता येणार नाही. आपण किती लांब बसला होता, झूम किती केला होता, फ्लॅश चालू होता का आणि मोड कोणता होता? फोटो कॅमेऱ्यातच उघडून माहितीचे बटण दाबले की शटरचा वेग (शटर किती वेळ उघडे राहिले), आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) आणि एफ (भिंगाचे तोंड किती उघडे होते; आकडा मोठा तितके तोंड लहान) हे आकडे दिसतात. ते इथे लिहावेत.

घडीव :
आकड्यांची आवश्यकता नाही. हे हात हलल्याचे फोटो आहेत. ट्रायपॉड घ्यावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही लागणार नाही. मी गेली कित्येक वर्षे कमी उजेडात असेच फोटो काढतो आणि माझा एकही फोटो हलत नाही.

उन्हाळी :
कॅमेरा पेन्सिल सेलवर चालत असेल तर साधे अल्कलाइन सेल वापरू नयेत. त्यांच्यावर १.५ व्होल्ट लिहिलेले असले तरी कॅमेऱ्याने एकदम जास्त विद्युतप्रवाह ओढला की त्यांचा दाब लवकर पडतो. निकेल मेटल हायड्राइडचे पुन्हा चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असूनही कॅमेऱ्यात बरेच जास्त फोटो देतात.

चौकट :
सेलविषयी मी विचारलेलेच नाही. माझ्या कॅमेऱ्याला त्याची स्वतःची बॅटरी आहे. मी बाराव्या रांगेत होतो आणि झूम पूर्ण केला होता. फ्लॅशला मनाई होती. मोड ऑटो. बहुतेक फोटोंवर शटर १/८, आयएसओ ४०० आणि एफ ६.५ असे आकडे आहेत. स्थिरीकरण चालू होते, मग फोटो का हलावेत?

पायवाट :
एक फोटो मोठा करून मुलीच्या मागचा पडदा पाहावा. तो स्पष्ट आहे का?

चौकट :
काही फोटोंत पडद्याच्या चुण्या मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत आणि हाताच्या जागी नुसता फिकट पंखा उमटला आहे. काही फोटोंत मात्र पडदाही पुसट आहे.

पायवाट :
मग कॅमेऱ्यात बिघाड नाही. शटर सेकंदाचा आठवा भाग उघडे राहिले आणि तेवढ्या वेळात नाचणाऱ्या मुलीचा हात वीतभर सरकतो. स्थिरीकरण आपल्या हाताची थरथर सावरते. समोरच्या माणसाची हालचाल त्याला थांबवता येत नाही, आणि ट्रायपॉडलाही नाही. खरे नुकसान झूमने केले आहे. अशा कॅमेऱ्यांचे भिंग झूम न करता साधारण एफ ३.३ इतके उघडते, पण पूर्ण झूमला ६.५ वर येते, म्हणजे प्रकाश जवळजवळ एक चतुर्थांश उरतो. त्यातच या वर्गातल्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, जेमतेम ६ मिलिमीटर रुंद असतो. मेगापिक्सेल कितीही असले तरी त्या चिमुकल्या जागेवर पडणारा प्रकाश वाढत नाही.

घडीव :
ज्या फोटोंत पडदाही पुसट आहे ते हात हलल्यामुळेच बिघडले आहेत, आणि तिथे ट्रायपॉडचा उपयोग झाला असता.

पायवाट :
ते मान्य. परंतु तसे फोटो ट्रायपॉडवर काढले असते तर पडदा स्पष्ट आला असता आणि मुलगी पुसटच राहिली असती. चौकट यांना पडद्याचा फोटो नको आहे.

उन्हाळी :
हल्लीच्या फोनने काढावेत. तो अनेक चित्रे एकावर एक जोडून कमी उजेडातही चांगला फोटो देतो.

पायवाट :
स्थिर वस्तूंसाठी ते योग्य आहे. नाचणाऱ्या व्यक्तीची चित्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत, आणि बाराव्या रांगेतून फोनमध्ये मुलगी फारच लहान दिसेल.

चौकट, शनिवारी शक्य तितके पुढे बसावे आणि झूम अजिबात करू नये. ऑटोऐवजी ‘पी’ मोड ठेवावा, कारण पुष्कळ कॅमेऱ्यांत आयएसओ तिथेच हाताने बदलता येतो. तो १६०० करावा. आयएसओ चौपट झाल्याने १/८ चा १/३० होतो आणि झूम टाळल्याने त्याचा साधारण १/१२५. मागे काळोख असला की कॅमेरा चित्र उगाच उजळ करू पाहतो आणि चेहरा पांढराफटक पडतो, म्हणून एक्सपोजर (चित्र किती उजळ यावे हे ठरवणारे सेटिंग) उणे १ वर न्यावे. शटर त्यामुळे आणखी दुप्पट वेगाने मिटेल. बटण आधी अर्धे दाबून फोकस धरून ठेवावा आणि गिरकी संपून पाऊल टेकते त्या क्षणी पूर्ण दाबावे.

चौकट :
प्रयोगाला जाऊन आलो. दुसऱ्या रांगेत कडेची जागा मिळाली. ४० फोटोंपैकी ११ चांगले आले आहेत. एका फोटोत तिने कपाळावर आलेली बट फुंकरीने उडवलेली स्पष्ट दिसते. काळ्या पडद्यावर मात्र रव्यासारखे बारीक ठिपके आले आहेत. असा फोटो छापता येईल का?

पायवाट :
अवश्य छापावा. ते ठिपके वाढवलेल्या आयएसओचे आहेत. ६ बाय ४ इंचांच्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तरी १८०० गुणिले १२००, म्हणजे सुमारे २२ लाख पिक्सेल पुरतात. आपल्याकडे १ कोटी ६० लाख आहेत. त्या आकारात आणताना शेजारशेजारचे पिक्सेल एकत्र होतात आणि रवा बराचसा विरून जातो. फक्त संगणकावर फोटो आणखी उजळ करून घेऊ नये, कारण तसे केले की सगळे ठिपके पुन्हा वर येतील.